औषधांची व्यापारनामे : अर्थ, ध्वनी आणि स्मृती

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण नाव आणि वस्तुस्थिती यांतील विसंगतीवर बोट ठेवते. व्यापारी वस्तूंच्या नामकरणात मात्र पुष्कळदा याच्या उलट दोष आढळतो. नाव वस्तूचे वर्णन जितके नेमके करू लागते, तितके ते त्या वस्तूची स्वतंत्र ओळख पटविण्याच्या कामी दुबळे ठरते. औषधांच्या बाबतीत या दोषाचा परिणाम व्यापारी हानीपुरता राहत नाही. तो रोग्याच्या जिवावर बेतू शकतो.

व्यापारनामाचे मुख्य कार्य वस्तूचे गुण सांगणे हे नसून, ती कोणत्या उत्पादकाची आहे हे दर्शविणे हे होय. जॉर्ज ईस्टमन याने १८८८ साली छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी ‘कोडॅक’ हे नाव घेतले, ते अर्थहीन असा घडविलेला शब्द म्हणूनच. भारतातील १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम ९ मागेही हेच तत्त्व आहे. वस्तूचा प्रकार, गुण, परिमाण वा उपयोग एवढेच सांगणाऱ्या शब्दाची सामान्यतः नोंदणी होत नाही. वापरामुळे त्याला वेगळेपणा प्राप्त झाला असेल तर गोष्ट निराळी. वर्णनाचे शब्द सर्वांच्या मालकीचे असतात, हे याचे कारण.

नावांचा वेगळेपणा अर्थावरून ठरवावा की ध्वनीवरून, हा प्रश्न ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या वादात उपस्थित झाला. एक अमृताची धारा आणि दुसरी लक्ष्मणाची धारा, तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने दोन्ही शब्द भिन्न होत, असे उच्च न्यायालयाने मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली ही विचारसरणी अमान्य केली. सामान्य बुद्धीचा आणि अपुऱ्या स्मरणाचा ग्राहक शब्दाचा विग्रह करीत बसत नाही. संपूर्ण नावाचा जो ठसा त्याच्या मनावर उमटतो, त्यावरच तो विसंबतो. दोन्ही नावे भ्रम उत्पन्न करण्याइतकी सदृश आहेत, असे न्यायालयाने ठरविले. तथापि पहिल्या उत्पादकाने दीर्घकाळ मौन पाळल्यामुळे दुसऱ्याची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मर्यादित ठेवण्यात आली.

यापुढील प्रश्न २००१ सालच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ यांच्या वादात दिसून येतो. दोन्ही औषधे मलेरियावरील, आणि दोन्ही नावांचा आरंभ रोगकारक परजीवीच्या ‘फाल्सिपेरम’ या शास्त्रीय नावावरून घेतलेला. परंतु एकात आर्टेसुनेट होते, तर दुसऱ्यात मेफ्लोक्विन. रोगाचे नाव धरून नामकरण केले की त्याच रोगावरील निरनिराळी औषधे एकाच नावाच्या आसपास गोळा होतात. ज्यांची गल्लत होऊ नये त्यांचीच गल्लत अधिक संभवते. औषधांच्या बाबतीत सादृश्याची कसोटी अधिक कठोर असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने या वेळी सांगितले. देशातील भाषांची विविधता आणि निरक्षरता यांचाही त्याने विचार केला.

अर्थाचा काहीही संबंध नसतानाही केवळ ध्वनीमुळे वा हस्ताक्षरामुळे असा गोंधळ होऊ शकतो. अमेरिकेत जठराम्ल कमी करणारे ‘लोसेक’ आणि मूत्रल ‘लॅसिक्स’ यांची अदलाबदल होऊ लागल्यामुळे १९९० साली पहिल्याचे नाव ‘प्रिलोसेक’ असे बदलण्यात आले. परंतु पुढे या नव्या नावाचीही ‘प्रोझॅक’शी गल्लत झाल्याच्या नोंदी आहेत. २०१६ साली तेथेच नैराश्यावरील ‘ब्रिंटेलिक्स’चे ‘ट्रिंटेलिक्स’ करावे लागले, कारण रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ‘ब्रिलिंटा’शी त्याचा घोटाळा होत होता. नाव बदलल्याने प्रश्न संपतोच असे नाही. नव्या नावाचीही सर्व प्रचलित नावांशी तुलना करावी लागते.

मराठी भाषिकांच्या दृष्टीने यात आणखी एक अडचण आहे. औषधाचे नाव बहुधा रोमन लिपीत लिहिले जाते, पण उच्चारले जाते मराठी वळणाने. रोमन लिपीतील ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन्ही मराठी उच्चारात ‘व’ होतात. ‘एफ’ आणि ‘पीएच’ यांचा ‘फ’ होतो. उलट ‘टी’ या एका अक्षरात ‘त’ आणि ‘ट’ दोन्ही सामावतात. कागदावर भिन्न असलेली नावे दुकानाच्या फळीपाशी एकरूप होतात, ती अशी.

रासायनिक ओळख सांगण्याचे काम व्यापारनामावर टाकण्याची आवश्यकताही नाही. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय सामान्य नामे आहेत. त्यांची पहिली यादी १९५३ साली प्रसिद्ध झाली. ‘-सिलिन’, ‘-ओलॉल’ यांसारखे त्यांतील अंत्यघटक औषधाचा वर्ग दर्शवितात. हे घटक व्यापारनामांत वापरू नयेत, असे संघटनेचे धोरण आहे. भारतीय कायद्याचे कलम १३ देखील अशा सामान्य नामांच्या नोंदणीस मनाई करते.

तेव्हा नाव निवडताना त्याच्या अर्थाच्या सौंदर्यापेक्षा त्याच्या वेगळेपणाची परीक्षा आधी व्हावयास हवी. ते घाईच्या हस्ताक्षरात लिहून पाहावे, दूरध्वनीवरून ऐकवून पाहावे, निरनिराळ्या भाषिकांकडून उच्चारून घ्यावे, आणि काही दिवसांनी त्यांना ते कसे आठवते हे तपासावे. ज्याच्या हाती अखेर औषधाची बाटली पडते, त्याच्या कानाला आणि स्मृतीला जे नाव इतरांपासून वेगळे राखता येते, तेच चांगले नाव होय.