कुणाला हरवून केसरी?

जत्रेच्या फडात शेवटची कुस्ती पुकारली जाते तेव्हा जाणती माणसं इनामाचा आकडा नंतर विचारतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘जोड कोण आहे?’ वसमत तालुक्यातलं आमचं हट्टा असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव, हा प्रश्न सगळीकडे तोच. समोरचा मल्ल तोलामोलाचा नसेल तर नावाजलेल्या पैलवानाच्या विजयालाही हलगीवाला उगीच दोन थापा मारतो. जोड बरोबरीची असेल तर मात्र कमी इनामाच्या कुस्तीलाही माणसं उठून उभी राहतात.

इतकी पक्की समज असलेले आपण महाराष्ट्र केसरीची चर्चा निघाली की एकदम गदा मोजायला लागतो. कुणी एकदा जिंकला, कुणी दोनदा, कुणी तीनदा, आणि तीनदावाला थोर. विजेत्यांची यादी अनेकांना तोंडपाठ आहे, पण त्यांनी कुणाला हरवून गदा उचलली हे सांगणारे थोडेच. म्हणून या किताबाचा मागोवा हरलेल्यांच्या बाजूने घ्यायला हवा. पैलवानाची खरी उंची त्याने पाडलेल्या माणसांवरून कळते, असं मी मनापासून मानतो.

महाराष्ट्र केसरीचा पहिला मान दिनकर दह्यारी यांना १९६१ साली मराठवाड्यातच, औरंगाबादला मिळाला. पण प्रतिस्पर्ध्याच्या नावासकट विजय लक्षात ठेवण्याची आपली रीत त्याच्याही आधीची आहे. श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंद केसरी झाले, ते पंजाबच्या बंतासिंगला हरवून. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर हिंद केसरी झाले तेव्हा त्यांच्यासमोर खडकसिंग होता. साठ-पासष्ट वर्षं झाली, तरी जुनी माणसं खंचनाळे म्हणताच बंतासिंग म्हणतात. विजेत्याबरोबर हरलेल्याचं नावही टिकलं, म्हणून त्या विजयाचं मोल आजही कळतं. आंदळकरांनी १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं, तेव्हा हा माणूस देशाबाहेरच्या जोडीलाही भारी आहे हे सिद्ध झालं.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर पहिलं नाव हरिश्चंद्र बिराजदार यांचं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या या मल्लाने १९६९ साली लातूरच्याच अधिवेशनात महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. यादीत त्यांच्या नावापुढे एकच वर्ष आहे. गदा मोजणाऱ्याला ते दोनदा जिंकलेल्यांच्या खाली दिसतील. पण १९७७ साली बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं. तो विजय त्या दिवशी मोठा होताच, पुढे तो आणखी मोठा होत गेला. सतपालने १९७८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत रौप्य आणि १९८२च्या दिल्ली आशियाडमध्ये सुवर्ण जिंकलं. पुढे सुशीलकुमारसारखा ऑलिम्पिक पदकविजेता घडवणारा गुरू म्हणूनही त्याचं नाव झालं. तो चढत गेला तसं बिराजदारांच्या त्या कुस्तीचं मोलही चढत गेलं.

विजयाची किंमत कुस्तीच्या दिवशी पूर्ण कळत नाही. पाडलेला मल्ल त्या दिवशी कसा होता हे तर पाहायलाच हवं. तो भरात होता की उतरणीला, ताजातवाना होता की दुखापत घेऊन उतरला होता, हे आलंच. पण पुढे त्याने काय केलं, हेही तितकंच पाहायला हवं.

थोरवी जय-पराजयाच्या आकड्यावरून मोजायची की पाडलेल्या माणसांवरून, हा वाद हेवीवेट बॉक्सिंगमध्ये दोन-तीन पिढ्या चालला आहे. रॉकी मार्सियानो ४९ लढती खेळला आणि एकही हरला नाही. पण १९५१ साली त्याने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा, उतरणीला लागलेला होता. त्याच जो लुईने आपल्या भरात विजेतेपद २५ वेळा राखलं होतं आणि तरीही त्याचे काही प्रतिस्पर्धी किरकोळ होते अशी टीका त्याने सोसली. मुहम्मद अलीच्या नावावर पाच पराभव आहेत. पण त्याने पाडलेली नावं पाहा. १९६४ साली सगळ्यांना धडकी भरवणारा सनी लिस्टन. १९७१ साली ज्याच्याकडून हरला, तो जो फ्रेझर पुढे दोनदा. १९७४ साली तोवर एकही लढत न हरलेला जॉर्ज फोरमन. अलीला थोर म्हणणारे त्याच्या पराभवांचा आकडा पुढे करत नाहीत, ही तीन नावं पुढे करतात.

हाच निकष आपल्या मातीत लावला की चित्र पालटतं. महाराष्ट्र केसरी तीनदा जिंकणारे दोघे आहेत, नरसिंग यादव आणि विजय चौधरी. नरसिंगने २०११, २०१२ आणि २०१३ अशी ओळीने तीन वर्षं गदा घेतली. मूळचा ७४ किलो गटाचा हा मल्ल राज्यातल्या सर्वांत वजनदार गटात उतरून जिंकत होता. त्याचा दर्जा राज्याबाहेरही दिसला. २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण आणि २०१५च्या लास व्हेगास जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. त्यामुळे त्या तीन वर्षांत नरसिंगकडून हरलेल्या मल्लांकडेही वेगळ्या नजरेने पाहायला हवं. जागतिक पदकाच्या तोडीच्या पैलवानापुढे ते हरले, यात कमीपणा नाही.

चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीची पुढची तीन वर्षं अभ्यासण्यासारखी आहेत. २०१४ साली अहमदनगरला अंतिम फेरीत सचिन येलभर, २०१५च्या नागपूर अधिवेशनात मुंबईचा विक्रांत जाधव आणि २०१६ साली पुण्यात वारज्याला अभिजित कटके. यातल्या तिसऱ्या विजयाचं वजन आज सर्वांत जास्त वाटतं. कारण कटकेने पुढच्याच वर्षी, २०१७ साली, भूगावला साताऱ्याच्या किरण भगतला हरवून गदा जिंकली आणि जानेवारी २०२३ मध्ये हरियाणाच्या सोमवीरला हरवून तो हिंद केसरी झाला. विजयने भावी हिंद केसरीला हरवलं होतं, हे कळायला सहा वर्षं जावी लागली.

गेल्या दहा-बारा वर्षांचा हिशेब जोडणारा मल्ल कोण, असं मला विचारलं तर मी अभिजित कटकेचं नाव घेईन. महाराष्ट्र केसरीच्या यादीत त्याचं नाव एकदाच आहे. पण २०१६, २०१७ आणि २०१८ अशा ओळीने तीन अंतिम कुस्त्या तो लढला. जालन्याला २०१८ साली बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेखने त्याला ११-३ असं हरवलं. पुढचं अधिवेशन जानेवारी २०२०मध्ये पुण्यात झालं, तिथे गादी विभागात हर्षवर्धन सदगीरने त्याची वाट अडवली. विजय चौधरी, बाला रफिक आणि सदगीर या तिघांच्या कर्तृत्वाला कटकेच्या नावाने वजन येतं. हरूनही इतरांच्या विजयाची पत वाढवणारा मल्ल लहान कसा म्हणायचा?

सदगीरच्या त्या स्पर्धेतून आणखी एक गोष्ट शिकायला मिळते. माती विभागाचा आणि गादी विभागाचा विजेता यांच्यात किताबाची कुस्ती होते. त्यामुळे अंतिम फेरीत समोर कोण येईल हे बरंचसं जोड्या कशा पडल्या यावर ठरतं. सदगीरची अंतिम कुस्ती लातूरच्या शैलेश शेळकेशी झाली आणि ती त्याने ३-२ अशी निसटती जिंकली. दोघेही काका पवारांच्या तालमीतले, रोज एकमेकांशी लढत करणारे, एकमेकांचा प्रत्येक डाव ओळखणारे. जिंकल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. पण त्या किताबाची किंमत ठरवताना फक्त ही कुस्ती पाहिली तर कटकेवरचा विजय नजरेआड होतो. म्हणून विजेत्याची संपूर्ण वाट तपासायला हवी, शेवटचा टप्पा तेवढा पाहून भागत नाही.

जानेवारी २०२३ची पुण्यातली गदा मूळच्या राजगुरुनगरकडच्या, पण नांदेडकडून उतरलेल्या शिवराज राक्षेने जिंकली. नांदेडच्या नावाने गदा आली, म्हणून आमच्या भागातही आनंद झाला. अंतिम फेरीत त्याने सोलापूरच्या महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं आणि त्याआधी गादी विभागात सदगीरला, म्हणजे माजी महाराष्ट्र केसरीला हरवलं. महेंद्र तिथवर आला होता तो मातीत सिकंदर शेखला हरवून. त्या कुस्तीतल्या गुणांवरून राज्यभर वाद झाला. मग नोव्हेंबर २०२३मध्ये फुलगावला सिकंदरने अर्ध्या मिनिटाच्या आत शिवराजलाच पाडून गदा घेतली. त्याच महिन्यात दुसऱ्या संघटनेच्या धाराशिवच्या स्पर्धेत शिवराजने सदगीरला हरवून पुन्हा किताब मिळवला.

एका वर्षात महेंद्रने सिकंदरला, शिवराजने महेंद्रला आणि सिकंदरने शिवराजला हरवलं. या साखळीतून एकच श्रेष्ठ मल्ल काढू पाहणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. कुस्तीच्या माणसाला मात्र यात समाधान आहे. एकाच काळात इतके बरोबरीचे मल्ल तयार झाले, म्हणजे तालमींचं काम चांगलं चाललं आहे. अशा काळात मिळालेला एक किताब, जोड नसलेल्या काळातल्या दोन किताबांपेक्षा मला मोठा वाटतो.

याच कारणाने अलीकडचे वाद मला जास्त खुपतात. दोन संघटना, दोन स्पर्धा आणि दोन विजेते असले की बरोबरीचे मल्ल एकमेकांना चुकवून किताबापर्यंत पोहोचू शकतात. फेब्रुवारी २०२५मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळने महेंद्र गायकवाडला हरवून गदा घेतली, पण पंचांच्या निर्णयांवरून रान उठलं. त्या वादात शिवराज राक्षे आणि महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पुढच्याच महिन्यात कर्जतच्या स्पर्धेत वेताळ शेळके विजेता ठरला, त्याने २०२२ सालच्या महाराष्ट्र केसरीला, पृथ्वीराज पाटीलला हरवलं. निकालावर शंका राहिली की हरलेल्यावर अन्याय होतो, आणि जिंकलेल्याचाही मान उणा होतो, कारण त्याच्या विजयाचं माप हरलेल्यातच असतं. चोख पंच आणि सगळ्यांना मान्य असलेली एकच स्पर्धा, ही जिंकणाऱ्याच्याही हिताची मागणी आहे.

यासाठी फार मोठं काही करायला नको. विजेत्यांच्या यादीत उपविजेत्याचं नाव त्याच ओळीत छापावं. विभागाच्या अंतिम कुस्तीत कोण कुणाशी लढलं, किती गुणांनी किंवा कोणत्या डावावर निकाल लागला, हेही नोंदवावं. हट्ट्यासारख्या गावांच्या यात्रा कमिट्यांनीही इनामाच्या वहीत दोन्ही पैलवानांची नावं, गावं आणि तालमी लिहून ठेवाव्यात. आज आमच्या फडावर हरून गेलेला पोरगा उद्या मोठा मल्ल झाला, तर त्याला पाडणाऱ्या गावच्या पोराचा विजय त्या वहीतूनच सिद्ध होईल. कुस्तीत कुणी एकट्याने मोठा होत नाही. समोर झुंजणारा मल्लच त्याला मोठा करतो, आणि त्या दोघांचीही नोंद ठेवणं हे आपल्या प्रेक्षकांचं, संघटनांचं आणि गावांचं कर्तव्य आहे.