विश्लेषण : स्कॉटलंडच्या पाइन जंगलांत कोणते वन्यजीव दिसतात? कॅपरकेली पक्षी शोधू नका, असे पर्यटकांना का सांगितले जाते?

ब्रिटनच्या सहलीत एडिनबरा आणि लॉख नेस झाले की अनेक पर्यटक हायलँड्सच्या जंगलांकडे वळतात. लाल खार, ऑस्प्रे, पाइन मार्टेन असे प्राणी-पक्षी येथे नशिबाने सहज दिसू शकतात. मात्र याच जंगलातील एक पक्षी पाहायला जाऊच नका, असे आवाहन स्थानिक यंत्रणा करतात. असे का?

हे जंगल वेगळे कसे?

हिमयुग संपल्यानंतर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात स्कॉट्स पाइन, बर्च, रोवन या झाडांचे जंगल पसरले. त्याला कॅलेडोनियन जंगल म्हणतात. लाकूडतोड आणि चराई यांमुळे त्याचे आज तुकडेच उरले आहेत. लांडगे काही शतकांपूर्वीच संपवले गेल्याने लाल हरणांना नैसर्गिक शत्रू राहिला नाही. ही हरणे कोवळी रोपे खातात, त्यामुळे अनेक ठिकाणी जुनी झाडे आहेत, पण नवी उगवत नाहीत. ॲबरनेथी आणि रोथीमर्कस ही उरलेल्या जंगलांपैकी महत्त्वाची. दोन्ही २००३ मध्ये स्थापन झालेल्या केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात येतात.

पर्यटकांना काय दिसू शकते?

सर्वांत सहज दिसते ती लाल खार. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेल्या शेकरूपेक्षा ती बरीच लहान असते. कानांवरचे केसांचे झुपके ही तिची खूण. ब्रिटनमधील सुमारे ७५ टक्के लाल खारी स्कॉटलंडमध्ये आहेत. उत्तर अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकात आणलेल्या करड्या खारींमुळे इंग्लंडच्या बहुतेक भागांतून त्या नाहीशा झाल्या. करड्या खारी अन्नासाठी स्पर्धा करतातच, शिवाय त्यांच्यातील विषाणू लाल खारींसाठी जीवघेणा ठरतो.

डोक्यावर तुरा असलेला क्रेस्टेड टिट हा चिमुकला पक्षी ब्रिटनमध्ये फक्त हायलँड्समध्ये आढळतो. स्कॉटिश क्रॉसबिल तर जगात दुसरीकडे कुठेच नाही. मांजराएवढा, गळ्यावर पिवळसर डाग असलेला पाइन मार्टेन पाहायचा असेल, तर संध्याकाळी लपणात शांत बसावे लागते.

ऑस्प्रे परत कसा आला?

शिकार आणि अंडी गोळा करण्याचा छंद यांमुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमध्ये या मासेखाऊ शिकारी पक्ष्याची वीण जवळपास थांबली होती. १९५४ मध्ये लॉख गार्टन तळ्याकाठी एका जोडीने घरटे केले. १९५८ मध्ये तिथली अंडी चोरांच्या हाती लागली. त्यानंतर पक्षीसंरक्षकांनी उलटा विचार केला. घरटे लपवण्याऐवजी १९५९ मध्ये त्यांनी सुरक्षित अंतरावरून ते लोकांना दाखवायला सुरुवात केली. हजारो लोक आले आणि घरट्याला जणू पहारेकरी मिळाले. आजही हे पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढून वसंतात परततात.

मग कॅपरकेलीला वेगळा न्याय का?

ऑस्प्रे उंच झाडावर घरटे करतो. कॅपरकेली हा टर्कीएवढा पक्षी मात्र जमिनीवर अंडी घालतो. वसंतात पहाटे नर ठरावीक जागी जमून पिसारा फुलवतात आणि माद्या तिथे जोडीदार निवडतात. अशा वेळी माणूस जवळ आला, तर मीलन न होताच पक्षी पांगतात. पुढे घरट्याजवळून मोकाट कुत्रा गेला, तर मादी अंडी सोडून उठते.

हा पक्षी अठराव्या शतकात स्कॉटलंडमधून नामशेष झाला होता. १८३७ मध्ये तो स्वीडनमधून पुन्हा आणला गेला. २०२१-२२ च्या गणनेनुसार तेथे अंदाजे ५३२ कॅपरकेली उरले असून बहुतेक केर्नगॉर्म्समध्येच आहेत. प्रणयाच्या जागी त्यांना त्रास देणे हा कायद्याने गुन्हा आहे.

घट केवळ पर्यटकांमुळे आहे का?

नाही. ओल्या, थंड हवेत पिल्ले मरतात, तारेच्या कुंपणावर पक्षी आदळतात आणि कोल्हे, कावळे, पाइन मार्टेन अंडी फस्त करतात. इथे संवर्धनाचा पेच दिसतो. पाइन मार्टेन वाढले की करड्या खारी घटतात, म्हणजे लाल खारींना फायदा होतो. पण तोच प्राणी कॅपरकेलीची अंडी खातो. तो स्वतः संरक्षित आहे. म्हणून विणीच्या काळात हरणाचे मांस दुसरीकडे ठेवून त्याचे लक्ष वळवण्याचे प्रयोग झाले. त्यात अंड्यांची लूट घटल्याचे दिसले. हवामान कोणाच्या हातात नाही. पर्यटकांचे पाऊल मात्र आवरता येते.

पर्यटकांनी काय करावे?

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. त्यामुळे जंगलाला फाटक नाही आणि अडवणारा वनरक्षकही सहसा नसतो. भान पर्यटकानेच ठेवायचे असते. मार्च ते ऑगस्ट या काळात मळलेली पायवाट सोडू नये, कुत्रा दोरीने बांधलेला असावा, पहाटे पाइनच्या जंगलात भटकू नये. कॅपरकेली अचानक समोर आलाच, तर फोटोसाठी न थांबता पुढे निघावे आणि ती जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.