समग्र बायबलवाचन : एक भक्तिसाधना
(रॉबर्ट मरे मॅकशेन यांच्या वार्षिक वाचनक्रमाच्या संदर्भात)

प्रस्तावना

धर्मग्रंथाचे वाचन ही बहुतेक सर्व ग्रंथप्रधान धर्मांत उपासनेची एक महत्त्वाची रीत मानली जाते. मात्र ग्रंथातील निवडक, परिचित व सांत्वनपर भाग वारंवार वाचणे आणि ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत क्रमाने वाचून पूर्ण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात निवड वाचकाची असते. दुसऱ्या प्रकारात वाचक ती निवड सोडून देतो. ख्रिस्ती परंपरेत संपूर्ण बायबल ठरावीक मुदतीत वाचण्याचा जो प्रघात आहे, त्याचे स्वरूप, ऐतिहासिक पार्श्वभूमी व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ मध्ये तयार केलेला वाचनक्रम हे प्रमुख उदाहरण घेतले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ग्रंथ क्रमाने वाचण्याची कल्पना ख्रिस्ती धर्माने यहुदी परंपरेकडून घेतली. सभास्थानांत तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके साप्ताहिक भागांत विभागून वर्षभरात वाचली जातात आणि शेवटचा भाग संपताच पुन्हा उत्पत्तीचा आरंभ होतो. ख्रिस्ती मठांमध्ये सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने १५० स्तोत्रांची संपूर्ण स्तोत्रसंहिता दर आठवड्यास पूर्ण करण्याचा दंडक घातला.

पुढे उपासनेत सणवार व संतदिन वाढत गेले, तसे हे सलग वाचन खंडित झाले. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाच्या प्रस्तावनेत याच गोष्टीची तक्रार आढळते. एखादे पुस्तक वाचावयास घ्यावयाचे, तीन-चार अध्याय होताच ते सोडून द्यावयाचे, ही रीत तेथे सदोष ठरविली आहे. थॉमस क्रॅनमर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या पुस्तकाने जुन्या कराराचा बहुतांश भाग वर्षातून एकदा, नवा करार प्रकटीकरण वगळता वर्षातून तीनदा आणि स्तोत्रसंहिता दरमहा वाचावी, अशी योजना केली. तथापि जुन्या करारातील जे भाग लोकांच्या उपयोगाचे कमी वाटले ते या योजनेतूनही गाळले गेले. म्हणजेच 'संपूर्ण' या शब्दाला तेथेही मर्यादा होतीच.

सामान्य गृहस्थाने घरी बसून संपूर्ण बायबल वाचावे, यासाठी आणखी काही गोष्टी आवश्यक होत्या. तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांच्याशी निगडित असलेली अध्यायविभागणी, लोकभाषेतील भाषांतर, मुद्रणकला आणि साक्षरता या त्या गोष्टी होत. स्कॉटलंडमध्ये १६९६ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये शाळा असावी असे ठरले आणि १८०४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अल्पमोल प्रतींचा प्रसार केला. मॅकशेन यांचा वाचनक्रम या अनुकूल परिस्थितीत जन्मास आला.

मॅकशेन यांचा वाचनक्रम

मॅकशेन यांचा जन्म १८१३ मध्ये एडिंबरा येथे झाला. १८३६ पासून ते डंडी या औद्योगिक शहरातील सेंट पीटर्स चर्चचे धर्मोपदेशक होते. ३० डिसेंबर १८४२ या दिनांकाच्या पत्राद्वारे त्यांनी आपल्या मंडळीपुढे नव्या वर्षासाठी वाचनाचे कोष्टक ठेवले.

या कोष्टकाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये जुन्या कराराची ३९ व नव्या कराराची २७ अशी ६६ पुस्तके असून त्यांचे अध्याय अनुक्रमे ९२९ व २६०, म्हणजे एकूण १,१८९ होतात. मॅकशेन यांच्या क्रमात जुना करार एकदा, तर नवा करार व स्तोत्रसंहिता वर्षातून दोनदा वाचली जाते. त्यामुळे वर्षाकाठी १,५९९ अध्याय होतात आणि दररोजची सरासरी चार अध्यायांहून थोडी अधिक पडते. म्हणून कोष्टकात रोजचे चार भाग असून लहान अध्याय काही ठिकाणी एकत्र केले आहेत.

या चार भागांपैकी दोन कुटुंबाने एकत्र वाचावयाचे व दोन प्रत्येकाने एकांतात वाचावयाचे आहेत. १ जानेवारीस उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चार पुस्तकांचा पहिला अध्याय येतो. सृष्टीचा आरंभ, ख्रिस्तचरित्राचा आरंभ, बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या नव्या जीवनाचा आरंभ आणि ख्रिस्ती मंडळीचा आरंभ असे चार आरंभ वाचकापुढे एकाच दिवशी ठेवले जातात. पहिल्या पानापासून सरळ वाचत जाणारा वाचक बहुधा लेवीय किंवा गणना या पुस्तकांतील यज्ञविधी व शिरगणती यांपाशी थबकतो. चार प्रवाह समांतर ठेवल्याने विधिनियमांचा अध्याय वाचावयाचा त्याच दिवशी शुभवर्तमानातील किंवा पत्रांतील अध्यायही समोर येतो.

या क्रमाचे लाभ मॅकशेन यांनी स्वतःच सांगितले आहेत. संपूर्ण ग्रंथ व्यवस्थित वाचून होतो. आज काय वाचावे या विचारात वेळ जात नाही. आईवडिलांना मुलांशी चर्चा करण्यासाठी रोज एक विषय मिळतो. आपली मंडळी ग्रंथाच्या कोणत्या भागात आहे हे धर्मोपदेशकास कळते. आणि एकच भाग अनेकजण वाचत असल्याने परस्परांतील बंध दृढ होतो. यावरून हे वाचन केवळ वैयक्तिक नव्हते, सामुदायिकही होते, हे स्पष्ट होते.

साधनेतील धोके

या योजनेचे वैशिष्ट्य असे की, तिच्या कर्त्याने लाभांच्या आधी धोक्यांची नोंद केली. नियमाने करावयाचे कोणतेही कर्तव्य कालांतराने निर्जीव उपचार बनते, हा पहिला धोका. ठरलेला भाग वाचून झाला की स्वतःविषयी समाधान वाटू लागते, हा दुसरा. पूर्ण करण्याच्या घाईत वाचन निष्काळजी होते, हा तिसरा. आणि काहींना हा क्रम असह्य जोखडासारखा वाटेल, हा चौथा. अशा व्यक्तीने कोष्टक बाजूस ठेवून मोकळेपणाने वाचावे, असा सल्लाही त्यांनी दिला.

येथे या साधनेतील मूळ ताण दिसून येतो. नियम नसेल तर वाचक आवडत्या भागांपाशीच घुटमळतो. नियम असेल तर वाचनाची जागा मोजदाद घेते. मध्ययुगीन मठपरंपरेतील ध्यानपर वाचनाने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले होते. बाराव्या शतकात दुसरे गिगो यांनी वाचन, मनन, प्रार्थना व चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. तेथे अल्प मजकूर दीर्घ काळ मनात घोळविला जातो. समग्रवाचनात विस्तार साधतो, मननात खोली साधते. एकाची उणीव दुसरे भरून काढते.

आणखी एक प्रश्न ग्रंथातील कठीण भागांचा आहे. यहोशवाच्या पुस्तकातील संहाराची वर्णने, वंशावळ्या, विलापगीत, ईयोबाची देवाकडे केलेली तक्रार हे भाग निवडक वाचनात सहज टाळता येतात. समग्रवाचनात ते टाळता येत नाहीत. ज्या ग्रंथास वाचक पवित्र मानतो त्यातील अस्वस्थ करणाऱ्या मजकुराशी त्याला सामना करावाच लागतो. हे वाचन श्रद्धेला केवळ आधार देत नाही, तर तिची परीक्षाही पाहते, ते याच अर्थाने. शिवाय 'संपूर्ण' म्हणजे काय, हेही परंपरेवर अवलंबून आहे. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत.

पारायणाशी तुलना

मराठी वाचकास या संदर्भात पारायणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. भागवत व गुरुचरित्र यांचे सप्ताह, ज्ञानेश्वरीची सामुदायिक पारायणे, तसेच कुराणाचे ३० भाग रमजान महिन्यात पूर्ण करण्याची मुस्लिम परंपरा यांत ग्रंथाची पूर्तता हेच उपासनेचे रूप असते. पारायणात संकल्प, आचारनियम व सांगता यांना स्थान आहे. मॅकशेन ज्या प्रॉटेस्टंट परंपरेतले होते, तिच्या मते वाचनाने पुण्यसंचय होत नाही. म्हणूनच पूर्ततेतून येणारे आत्मसमाधान त्यांना धोक्याचे वाटले. असे असले तरी ग्रंथ आपल्या सोयीने न घेता त्याच्या स्वाधीन होणे, हा भाव दोन्हींकडे समान आहे.

ही साधना मराठी भाषकांस शक्य झाली ती भाषांतरांमुळे. विल्यम कॅरी यांच्या श्रीरामपूर येथील मुद्रणालयातून १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध झाला. पंडिता रमाबाई यांनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये राहून हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये, निधनापूर्वी थोडेच दिवस, त्यांनी हे काम पूर्णत्वास नेले. संपूर्ण ग्रंथ सामान्य स्त्रियांच्या हाती पडावा, ही त्यामागील प्रेरणा होती.

समारोप

मॅकशेन यांचा वाचनक्रम पुढे इंग्रजी भाषक जगात दूरवर पसरला. जॉन स्टॉट यांनी तो दीर्घकाळ पाळला, डी. ए. कार्सन यांनी त्यावर आधारित दैनंदिन चिंतनाचे दोन खंड १९९८ व १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक धर्मगुरू माइक श्मिट्झ यांनी वर्षभरात बायबल पूर्ण करणारी ३६५ भागांची श्राव्यमालिका सुरू केली, तिलाही मोठा प्रतिसाद मिळाला. साधन बदलले, तरी वर्षाचे प्रमाण आणि रोजच्या ठरलेल्या भागाची शिस्त कायम राहिली.

स्वतः मॅकशेन यांना मात्र हे वर्ष पूर्ण करता आले नाही. डंडीत पसरलेल्या टायफस ज्वराने २५ मार्च १८४३ रोजी वयाच्या २९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले; वाचनक्रम सुरू होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. मंडळीच्या हाती त्या वर्षाचे उरलेले नऊ महिने आणि कोष्टक होते. समग्रवाचनाचे मूल्य वाचलेल्या अध्यायांच्या संख्येत नसून प्रत्येक दिवशी समोर येणाऱ्या मजकुरास, तो प्रिय असो वा अप्रिय, सामोरे जाण्याच्या वृत्तीत आहे, असे या उदाहरणावरून म्हणता येते. पूर्तता हे या साधनेचे उद्दिष्ट असले, तरी तिचे फळ पूर्ततेच्या आधीही मिळू शकते.