आधी तयारी

रे रोड हे मुंबईच्या हार्बर मार्गावरील स्टेशन आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी भारतातील पहिली विजेची रेल्वेगाडी याच मार्गाने कुर्ल्याला गेली. त्याआधी मार्गावर तारा ओढून त्यांत १५०० व्होल्टची वीज आणली होती. तयारी झाली, मगच गाडी धावली.

सर्व्हरचेही तसेच आहे. अनेक संगणकांना माहिती पुरवणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम ही त्याचा सारा कारभार चालवणारी आज्ञावली. ती घालण्यापूर्वी यंत्र तयार करावे लागते.

प्रथम डिस्कवरील माहितीची प्रत दुसरीकडे ठेवावी. रुग्णालयाच्या सर्व्हरमध्ये रुग्णांच्या नोंदी असतात. त्या पुसल्या गेल्या तर? मग पंखे, मेमरी व डिस्क तपासाव्यात. नंतर फर्मवेअर पाहावे. ही चिपमध्ये साठवलेली आज्ञावली. यंत्र सुरू होताच तीच आधी कामाला लागते. ती जुनी असेल तर नवी घालावी. त्या वेळी वीज गेली, तर यंत्र पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते. म्हणून बॅटरीची सोय हवी.

तयारीला वेळ लागतो. पण तो वाया जात नाही.

शब्दार्थ : आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचना, प्रत – नक्कल.

प्रश्न : फर्मवेअर बदलताना बॅटरीची सोय का हवी?