लहान मेंदूचा ब्रेक आणि फवारणीनंतरची अडखळ

मागच्या व्याख्यानात आपण मोठ्या मेंदूपर्यंत आलो होतो. आज जरा मागं, मानेच्या वर जाऊ. तिथं अनुमस्तिष्क, म्हणजे लहान मेंदू आहे. आकारानं संपूर्ण मेंदूचा साधारण दहावा भाग. पण मेंदूतल्या अंदाजे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज इथंच दाटलेल्या!

त्यांतली आपली आजची पेशी पुर्किन्ये. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८३७ मध्ये तिचं वर्णन केलं. वहीत दाबून वाळवलेल्या झाडासारखी चपटी, आणि एकेकीवर लाखाहून जास्त जोडण्या. इतकं सगळं ऐकून ती पुढं मात्र एकच निरोप देते: ‘आवर!’ तिचा संदेश फक्त रोखणारा असतो, हे मासाओ इतो आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवलं.

नुसतं आवरून हालचाल कशी सुधारते? कापूस वेचणारा हात बघा. वाळक्या बोंडाची टोकं बोचू न देता बोटं नेमकी कापसापाशी थांबतात. तो थांबा वेळेवर लागला नाही तर हात पुढं निघून जातो, पावलं फाकतात, जीभ जड होते. दारू प्यायल्यावर हेच दिसतं, कारण दारू लहान मेंदूलाही गाठते.

आता यवतमाळचं बोलू. २०१७च्या फवारणीच्या हंगामात या जिल्ह्यात विषबाधेनं वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात आली. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधं ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला निकामी करतात. मग स्नायूंत, ग्रंथींत, मेंदूतही हा निरोप्या साचत जातो. दोष एकट्या लहान मेंदूचा नसतो, पण माणूस झोकांड्या खातो, बोबडं बोलतो. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, प्यायलाय.

अशा वेळी डोळे बघा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, कातडीखाली स्नायू फडफडताहेत, तर ते विष समजा. दारूचा वास आला तरी समजा. दोन्ही एकत्र असू शकतं. कपडे उतरवा, साबण-पाण्यानं अंग धुवा, पण स्वतः हातमोजे घालून. औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

तिथं ॲट्रोपिन देतात. त्यानं लाळ आटते, नाडी सुधारते. स्नायूंचं बळ मात्र त्यानं परत येत नाही. श्वासाचे स्नायू एक ते चार दिवसांनीसुद्धा ढिले पडू शकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी रोगी उठून बसला, चहा मागू लागला, तरी सुट्टीची घाई करायची नाही.