नैसर्गिक मालाचे दुकान : जास्तीचे पैसे कशाचे?

पुणे, मुंबई, नाशिक अशा शहरांच्या सुखवस्तू वस्त्यांतून गेल्या काही वर्षांत एका वेगळ्या प्रकारचे किराणा दुकान दिसू लागले आहे. आत लाकडी फडताळे, त्यांवर काचेच्या बरण्या आणि गोणपाटाच्या छोट्या पिशव्या. हातसडीचा तांदूळ, काळा गूळ, लाकडी घाण्याचे तेल, सैंधव मीठ, खपली गहू असा माल त्यांत मांडलेला असतो. यातील बहुतेक वस्तू आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्याच आहेत. भाव मात्र ऐकून आजीला घेरी आली असती.

अशा दुकानांची कल्पना मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली ती अमेरिकेत. टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९८० साली 'होल फूड्स मार्केट' हे दुकान निघाले. पुढे त्याच्या शेकडो शाखा झाल्या आणि २०१७ साली 'अ‍ॅमेझॉन'ने ही कंपनी सुमारे १,३७० कोटी डॉलरना विकत घेतली. तेथील गिऱ्हाइकांनी तिच्या नावावर कोटी करून तिला 'होल पेचेक', म्हणजे 'अख्खा पगार', असे टोपणनाव दिले. दुकानाची कीर्ती आणि त्याविषयीची तक्रार, दोन्ही या नावात आल्या आहेत.

शिक्षकांना हा विषय परका नाही. 'मुलांना तिथलाच माल द्यायला हवा का?' असे पालक विचारतात, आणि परवडत नसेल तर आपण मुलांना विष खाऊ घालतो आहोत की काय, अशी टोचणी त्यांना लागते. म्हणून या दुकानातील मालाचे फायदे-तोटे एकेक करून तपासून पाहू.

पाटीवरील दोन शब्द

या दुकानांत 'नैसर्गिक' आणि 'सेंद्रिय' हे दोन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांचे अर्थ वेगळे आहेत.

आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली जाहिराती व दावे यांविषयी नियम केले. त्यांनुसार ज्या पदार्थात बाहेरून काही मिसळलेले नाही आणि जो खाण्याजोगा करण्यापुरतीच प्रक्रिया ज्यावर झाली आहे, त्याला 'नैसर्गिक' म्हणता येते. म्हणजे हा शब्द मुख्यतः पदार्थात नंतर काय घातले नाही हे सांगतो. शेतात फवारणी झाली होती की नाही, याची हमी तो देत नाही.

'सेंद्रिय' हा शब्द शेतीच्या पद्धतीविषयी आहे. त्यासाठी भारतात दोन व्यवस्था आहेत. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात त्रयस्थ संस्था शेताची तपासणी करून प्रमाणपत्र देते, तर पीजीएस-इंडिया या पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. २०१७ च्या नियमांनुसार प्रमाणित मालावर 'जैविक भारत' हे चिन्ह छापले जाते. छोट्या शेतकऱ्याला आपला माल थेट ग्राहकाला विकताना या प्रमाणपत्रातून सवलत आहे. परंतु शहरातील मोठ्या दुकानात आकर्षक वेष्टनात आलेल्या मालावर 'सेंद्रिय' लिहिले असेल आणि हे चिन्ह नसेल, तर विचारणा करणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

आणखी एक गैरसमज दूर करू. सेंद्रिय शेतीत फवारणी मुळीच होत नाही, असे नाही. मोरचूद आणि चुना यांपासून केलेले बोर्डो मिश्रण, कडुनिंबाचा अर्क, शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम ही द्रव्ये ठरावीक मर्यादेत चालतात. बंदी आहे ती कृत्रिम रीतीने बनवलेल्या कीटकनाशकांवर आणि रासायनिक खतांवर.

निसर्गही विषे बनवतो

'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हे समीकरण विज्ञानाला मान्य नाही. वनस्पतींना पळून जाता येत नाही. कीड आणि जनावरे यांपासून बचाव करण्यासाठी त्या स्वतःच रसायने तयार करतात. हिरवट पडलेल्या बटाट्यातील सोलानिन हे अशा रसायनाचे घरगुती उदाहरण होय. विदर्भातील वाचकांना लाखेची डाळ ठाऊक असेल. दुष्काळात महिनोन् महिने हीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाणाऱ्यांना पाय लुळे पडण्याचा विकार होतो. त्याचे कारण या डाळीतच असणारे एक अमिनो आम्ल. ते कोणी बाहेरून घातलेले नसते.

दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष बनवते. यकृताचा कर्करोग घडवणाऱ्या सिद्ध पदार्थांत त्याची गणना होते. तेही पूर्णपणे नैसर्गिकच आहे.

अवशेषांचा प्रश्न

मग नेहमीच्या भाजीवरील कीटकनाशकांच्या अवशेषांचे काय? कीटकनाशकाची सुरक्षित मर्यादा कशी ठरते, हे आधी पाहू. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत कोणताही अपाय दिसत नाही ती मात्रा प्रथम ठरवतात. माणूस त्या प्राण्याहून अधिक संवेदनशील असू शकेल म्हणून तिला १० ने भागतात. माणसामाणसांतही फरक असतो म्हणून पुन्हा १० ने भागतात. म्हणजे साधारणपणे त्या मात्रेचा शंभरावा भाग हा रोज आयुष्यभर पोटात गेला तरी चालेल असा मानला जातो. मर्यादा जराशी ओलांडली की लगेच विषबाधा होते, असा याचा अर्थ नाही. तसेच मर्यादा आहे म्हणून देखरेख नको, असाही नाही.

सेंद्रिय आणि नेहमीच्या अन्नाची तुलना करणारे अनेक अभ्यास झाले आहेत. त्या सर्वांचा एकत्रित आढावा स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ साली घेतला. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अवशेष कमी वेळा आढळले, परंतु मर्यादेबाहेरचे अवशेष दोन्ही प्रकारांत क्वचितच होते. २०१४ साली ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी ३४३ अभ्यास एकत्र केले. त्यांना सेंद्रिय पिकांत काही ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये अधिक, कॅडमियम कमी, आणि नेहमीच्या पिकांत अवशेष सापडण्याचे प्रमाण सुमारे चौपट असे दिसले. दोन्ही आढावे एकत्र वाचले तर इतके म्हणता येते : अवशेष कमी असतात हे खरे, पौष्टिकतेतील फरक वादग्रस्त आहे आणि असलाच तर लहान आहे.

वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने पृष्ठभागावरील अवशेष बरेच कमी होतात. वनस्पतीच्या आत शोषली जाणारी कीटकनाशके मात्र धुऊन जात नाहीत. तेथे सेंद्रिय मालाचा फायदा मान्य करावा लागतो.

चार बरण्या

आता फडताळावरील चार वस्तू उचलून पाहू.

हातसडीचा तांदूळ : याचा फायदा निर्विवाद आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर काम करणारे डच डॉक्टर आइकमान यांना दिसले, की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. जीवनसत्त्वांच्या शोधाकडे नेणाऱ्या या कामासाठी त्यांना १९२९ सालच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. कोंड्यात ब-१ जीवनसत्त्व आणि तंतुमय भाग असतो. त्यातील तेलामुळे हा तांदूळ लवकर खवट होतो, म्हणून थोडाथोडा आणावा. फायदा कोंड्याचा आहे, दुकानाचा नव्हे. गावच्या गिरणीतून कमी सडून आणलेल्या तांदळातही तो मिळतो.

गूळ : गूळही मुख्यतः साखरच आहे. साखरेच्या मानाने त्यात थोडे लोह आणि इतर क्षार असतात. उष्मांक जवळजवळ तेवढेच. मधुमेही माणसाला गुळाची वेगळी सवलत नाही. या दुकानातील काळसर गुळाचा एक खरा फायदा आहे. बाजारातील पिवळाधमक गूळ पुष्कळदा सोडियम हायड्रोसल्फाइटसारखी द्रव्ये वापरून उजळ केलेला असतो. तेव्हा साध्या दुकानातूनही गडद रंगाचा गूळ निवडावा.

सैंधव : ही महागडी गुलाबी खडी म्हणजे बहुतांश सोडियम क्लोराइड. गुलाबी रंग लोहाच्या संयुगांचा. त्यातील इतर क्षार इतके अल्प असतात, की मिठाच्या रोजच्या मात्रेतून त्यांचा उपयोग होत नाही. उलट त्यात आयोडीन पुरेसे नसते. गलगंड आणि मुलांच्या बौद्धिक वाढीतील खोट टाळण्यासाठी भारतात २००६ पासून खाण्याच्या मिठात आयोडीन घालणे सक्तीचे आहे. लहान मुले वा गरोदर स्त्री असलेल्या घराने नेहमीचे आयोडीनयुक्त मीठ सोडून फक्त सैंधव वापरणे म्हणजे जास्त पैसे देऊन तोटा विकत घेणे होय.

घाण्याचे तेल : उष्णता व रसायने न वापरल्याने यात वास, चव आणि ई जीवनसत्त्व अधिक टिकते. पण शेंगदाणे बुरशीचे असतील तर अफ्लाटॉक्सिनचा काही अंश गढूळ तेलात उतरू शकतो. शुद्धीकरणाच्या प्रक्रियेत तो जवळजवळ सारा निघून जातो. म्हणून घाणेवाला दाणे निवडून घेतो का, हे पाहणे महत्त्वाचे. 'शंभर टक्के नैसर्गिक' या शब्दांतून ते कळत नाही.

भाव का चढे?

सारेच पैसे दुकानदाराच्या खिशात जातात असे नाही. शेत सेंद्रिय म्हणून प्रमाणित होण्यापूर्वी हंगामी पिकांसाठी २ वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांसाठी ३ वर्षांचा काळ जावा लागतो. या काळात उत्पन्न घटते, पण सेंद्रिय म्हणून भाव मिळत नाही. त्यानंतरही उत्पादन कमी राहते. २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकातील एका अभ्यासात पीक आणि परिस्थिती यांनुसार ही घट ५ ते ३४ टक्के आढळली. तण काढायला मजुरी अधिक, माल थोडा असल्याने वाहतूक महाग. त्यावर प्रमाणपत्र, आकर्षक वेष्टन आणि मोक्याच्या जागेचे भाडे. यातील काही खर्च शेतीचा, काही निव्वळ सजावटीचा. गिऱ्हाइकाला ते वेगळे करून कोणी दाखवत नाही.

गणित करून पाहू. समजा, एका कुटुंबाचा किराणा आणि भाजीपाला मिळून महिन्याला ८,००० रुपये लागतात आणि या दुकानात भाव दीडपट आहेत. तोच माल १२,००० रुपयांना पडेल. वरच्या ४,००० रुपयांसाठी दूध, अंडी किंवा फळे कमी करावी लागली, तर मुलांचे निश्चित नुकसान होईल. भरपूर भाज्या आणि फळे खाण्याचे फायदे सिद्ध झालेले आहेत, आणि ते नेहमीच्या मंडईतील भाज्यांनाही लागू आहेत.

फवारणी करणारा माणूस

इथवर आपण फक्त खाणाऱ्याचा विचार केला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. आपण कापूस खात नाही. आपल्या ताटात त्या कीटकनाशकाचा कणही आला नसेल. तरीही माणसे गेली. खाणाऱ्याच्या वाट्याला दशलक्षांशांत मोजावे लागणारे अवशेष येतात. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडके बांधून फवारणाऱ्याच्या अंगावर औषधाची वाफ आणि थेंब थेट येतात. विषाचा परिणाम मात्रेवर अवलंबून असतो, हा नियम येथे अत्यंत क्रूरपणे सिद्ध होतो.

सेंद्रिय शेतीचा सर्वांत मोठा फायदा आमच्या मते येथे आहे : फवारणाऱ्याच्या शरीरात, विहिरीच्या पाण्यात, शेतातील मधमाशांत आणि मातीत. तो ग्राहकाच्या पिशवीत दिसत नाही, म्हणून त्याची जाहिरात होत नाही. जाहिरात होते ती 'तुमच्या कुटुंबाच्या आरोग्याची'. ज्याला परवडते त्याने प्रमाणित सेंद्रिय माल जरूर घ्यावा. ते पैसे शेतावरच्या माणसासाठी आहेत, असे समजून घ्यावा. शेतकऱ्याकडून थेट घेता आला तर त्याहून उत्तम. ज्याला परवडत नाही त्याने मनाला लावून घेण्याचे कारण नाही. मोड आलेली कडधान्ये, हंगामी भाजी, कमी सडलेला तांदूळ, गडद गूळ आणि आयोडीनयुक्त मीठ ही यादी वाण्याच्या दुकानातही पुरी होते.

वर्गात करण्यासाठी

विद्यार्थ्यांना घरून रिकामी वेष्टने आणायला सांगावे. प्रत्येकावरील दावा फळ्यावर लिहून तीन प्रश्न विचारावेत. हा दावा मोजता येतो का? तो खाणाऱ्याविषयी आहे की शेताविषयी? प्रमाणपत्राचे चिन्ह आहे का?

जोडीला एक सोपा प्रयोग. बटाट्याच्या ताज्या कापावर मीठ पसरून एक मिनिट थांबावे आणि लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. मिठात आयोडीन असेल तर ते मोकळे होऊन बटाट्यातील पिष्टमय पदार्थाबरोबर निळा रंग देते. एका कापावर नेहमीचे मीठ आणि दुसऱ्यावर सैंधव घ्यावे. कोणते मीठ किती रुपये किलो आहे, ते दोन्ही कापांखाली चिठ्ठीवर लिहून ठेवायला विसरू नये.