नव्या वस्तीतील बालकांचे संक्रामक विकार

गळीत हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात येतात आणि दोन-चार दिवसांत कोप्यांची वस्ती उभी राहते. अशा वस्तीतील बालकांना प्रथम अतिसार गाठतो. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात सांगितलेल्या वायू, उदक, देश व काल या चार भावांपैकी येथे उदक व देश दोन्ही एकदमच बदललेले असतात. जलसंजीवनी, जस्त व अखंड स्तन्यपान यांविषयी वाचकांस अधिक सांगणे नलगे.

गोवराचे कारण मात्र पाण्यात नसते. साथ रोखण्यासाठी सुमारे 95 टक्के बालके संरक्षित असावी लागतात. लसीची पहिली मात्रा 9 महिने पूर्ण होताच आणि दुसरी 16 ते 24 महिन्यांत द्यावयाची असते. नेमके त्याच वेळी कुटुंब स्थलांतरित असेल, तर गावच्या यादीत नाव असते पण बालक नसते. येथे बालक असते पण यादीत नाव नसते. अनेक गावांतील अशी सुटलेली बालके एका वस्तीत एकत्र येतात. 1846 साली फेरो बेटांवर 7,782 रहिवाशांपैकी 6,000हून अधिक लोकांस गोवर झाला. 1781 च्या साथीत तो होऊन गेलेले वृद्ध तेवढे वाचले, असे डॅनिश वैद्य पानुम यांनी नोंदविले आहे. साथीला असंरक्षितांचा असा संचयच लागतो.

माधवनिदानात रोमान्तिका ज्वरपूर्विका व कासयुक्त म्हटली आहे, हे व्यवहारात फार मोलाचे. पुरळ उठण्यापूर्वी 4 दिवसांपासून बालक रोग पसरवू लागते. म्हणजे माता खोकल्याचे औषध मागावयास दुकानात येते, तेव्हाच संसर्ग सुरू झालेला असतो. आम्हीही एकदा अशा बालकास साधा प्रतिश्याय समजून परत पाठविले होते. आठवड्याभरात शेजारच्या कोप्यांतून ज्वराचे रुग्ण येऊ लागले, त्यांतील एकास श्वसनक झाला. ‘इथे येऊन किती दिवस झाले?’ एवढेही आम्ही विचारले नव्हते.

औषधविक्रेत्या बंधूंनी ज्वर, कास व लाल डोळे एकत्र दिसताच हा प्रश्न विचारावा व बालकास वैद्याकडे धाडावे. वैद्याने त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. ‘देवी आली’ म्हणून बालकास कोपीतच ठेवण्याची रीत अजून आहे. मातेस न दुखविता समजवावे लागते. गोवरात जीवनसत्त्व ‘अ’ लागोपाठ दोन दिवस देतात: 6 महिन्यांखाली 50,000, 6 ते 11 महिन्यांत 1 लाख व त्यापुढे 2 लाख एकक. ते आरोग्य केंद्रामार्फतच द्यावे, व आधी कधी दिले होते हे मातेस विचारून घ्यावे.